फाळक्यापलीकडचं लिंबू

उड्या मारायची सायकल विकत परवडणार नव्हती, म्हणून रुद्राणीनं ती जुळवली: चौकट गेवराईच्या भंगारातली, हँडल जुन्या मोपेडचं, अन् वेल्डिंग अप्पांचं. अप्पांनी जन्मभर ट्रॉल्याच जोडल्या होत्या. हवेत जाणारं काही पहिल्यांदाच. अप्पांच्या दुकानामागं विटांवर ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागचं पत्र्याचं दार, तिरका टेकवून तिनं चढण केली. आईनं हँडलला भस्म लावलं. नव्या गाडीचं चाक आधी लिंबावरून जावं, म्हणून फाळका संपतो तिथंच खाली लिंबू ठेवलं. “पोरी, जोड सुटला तर?” अप्पांनी हँडल सोडलं नव्हतं. “तुमीच जोडलाय न्हवं?” रुद्राणीनं पायडलवर पाय ठेवला. त्यांनी हात काढला. सायकल फाळक्यावर चढली, हवेत गेली अन् लिंबाच्या पार पलीकडं धप्पकन उतरली. आईनं लिंबू उचललं. “अवो, हे फुटलंच न्हाई की!” अप्पांनी सगळे जोड चाचपले, मग लेकीची कोपरं, गुडघे. “कायबी फुटलं न्हाई. सरबत कर.”