बांधापलीकडची विहीर

"वहिनी, नवी होडी येतेय आज. तुझ्या दारात लावू दे. माझ्या पुढ्यात नुसती वाळू झालीय," दिगंबर म्हणाला. सात वर्षांनी दीर अंगणात उभा होता.

अनसूया केर काढत राहिली. सात वर्षांपूर्वी यानंच आपला किनारा राखायला समुद्रात काळ्या दगडांचा बांध घातला. लाटांबरोबर येणारी वाळू त्याच्या बाजूला अडून राहिली आणि तिच्या बाजूचा किनारा लाटा कुरतडत सुटल्या. अकरा माड गेले, गोठा गेला, शेवटी विहिरीपर्यंत समुद्र आला. ती रडत त्याच्या दारात गेली, तेव्हा हा म्हणाला होता, "समुद्राला मी बोलावलं काय?"

"भरतीला आणतो. तुझ्याकडं पाणी खोल आहे."

तिनं केरसुणी ठेवली. भोवतालची जमीन वाहून गेली, तरी चिऱ्यांनी बांधलेली विहीर समुद्रात तशीच उभी होती. ओहोटीला तिचं तोंड दिसे. भरतीला ते वीतभर पाण्याखाली जाई. बांधापलीकडं ढुंकूनही न बघणाऱ्या दिराला ते कुठलं ठाऊक असणार!

"भावजी, आमची विहीर आठवते काय?" तिनं विचारलं. त्याच विहिरीच्या पाण्यावर तो लहानाचा मोठा झाला होता.

"जुनं कशाला उकरून काढतेस?" तो करवादला. "हो की नाही, तेवढं सांग."

अनसूयानं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं.

"आण, सरळ दारापर्यंत आण. आडवं यायला माझं आता काही उरलेलं नाही."