पुढचा थांबा मुर्री

नागपुरात शिकायला आल्यापासून गुंजनला एकच धास्ती होती, शहर बसमधून भलत्याच थांब्यावर उतरण्याची. म्हणून ती बसमधली प्रत्येक घोषणा कान देऊन ऐकायची. त्या सकाळी ती परीक्षेला निघाली होती, तेव्हा घोषणा झाली, "पुढचा थांबा, मुर्री."

मुर्री म्हणजे तिचं गाव. गोंदियाला लागून असलेलं, रेल्वेने दोन-अडीच तासांवरचं.

"दादा, मुर्री इथं कुठून आलं?" तिने कंडक्टरला विचारलं.

"थांबा आला म्हंजे आला. उतरायचं नसंल तं वाट सोडा."

दार उघडलं. बाहेर रोजचाच उड्डाणपूल होता. पेपर बुडेल या भीतीने गुंजन जागची हलली नाही. मागच्या सीटवरून मात्र ओढणीने तोंड बांधलेली एक मुलगी उठली. तिच्या पाठीवर गुंजनच्या बॅगेसारखीच बॅग होती. ती मुकाट्याने खाली उतरली.

बस सुटल्यावर गुंजनने हसत हसत आईला फोन लावला. "आई, आज आमची बस मुर्रीला थांबली."

आई दबक्या आवाजात म्हणाली, "तू बसमंधी आहेस?"

"हो. काऊन वो?"

"गुंजन तं आताच घरी आली. आल्या आल्या भांडे घासाले बसली." आईचा आवाज आणखी खाली गेला. "न सांगता बसली, तवाच मले कसंतरी वाटलं."

फोनमध्ये मागे भांड्यांचा खणखणाट चालू होता. तो थांबला.