एक दुपार साहेबांच्या खुर्चीत

करुणाताई साहेबांच्या खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमा कंपनीच्या या शाखेतली ही जुनी रीत होती. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं की त्या माणसानं केबिनमध्ये जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसायचं आणि एक हुकूम सोडायचा. साहेबांनी तो पाळायचा. आजवर कुणी समोसे मागवले, कुणी सगळ्यांना लवकर घरी सोडलं. पुंडलिकरावांनी तर साहेबांना गाणं म्हणायला लावलं होतं. त्या दिवशी लोक आपणहून लवकर घरी गेले.

"बोला ताई, काय मागवू?" जगदाळे साहेब हसत समोर उभे होते.

करुणाताईंनी काचेबाहेर पाहिलं. हॉलमध्ये त्यांचं टेबल रिकामं होतं आणि त्यापुढची रांग दारापर्यंत गेली होती. शेजारच्या टेबलावर तनुजा मान खाली घालून काम करत होती. तिला टाळ्या वाजवायलाही उठता आलं नव्हतं. इथं कुणी निवृत्त झालं की त्याच्या जागी नवा माणूस येत नसे, काम तेवढं शेजारच्या टेबलावर सरके. तक्रार केली की साहेबांचं उत्तर ठरलेलं, "ॲडजस्ट करून घ्या." उद्यापासून करुणाताईंचं कामही तनुजाकडं जाणार होतं. पाळणाघरात आत्ताच रोज सगळ्यात शेवटी तिचीच मुलगी उरत होती. करुणाताईंना त्याचा संताप होता, आणि आज तो गिळायचं काही कारण नव्हतं.

"मागवू नका काही," त्या म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत माझ्या टेबलावर बसा."

लोक हसले. साहेबही हसले. करुणाताई हसल्या नाहीत. मग रीत ती रीत म्हणून साहेब मुकाट्यानं जाऊन बसले.

त्या टेबलावर पंख्याचा वारा पोहोचत नव्हता. सिस्टीम दोनदा बंद पडली. एकाला वारसाचं नाव बदलायचं होतं, दुसऱ्याचा दावा अडकला होता, तिसरा नुसताच भांडायला आला होता. साहेबांचा घसा कोरडा पडला. पाणी मागवायला त्यांनी सवयीनं बेल चाचपली. या टेबलाला बेल नव्हती.

"नवीन हाय का तुमी?" पाचोडच्या कडूबाईंनी रांगेतून वाकून विचारलं. "करुणाबाई कुठं गेल्या? त्यांचा हात लई झपाझपा चालायचा."

पाच वाजायच्या कितीतरी आधी साहेब केबिनमध्ये परत आले. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या.

"ताई, हे एका माणसाचं काम नाही."

"नायच, साहेब. पुंडलिकरावांचं बी माझ्याकडंच होतं." करुणाताईंनी बेल दाबून तनुजाला आत बोलावलं. "आता हे सगळं हिच्याकडं. तिला तुमच्या तोंडानं सांगा, ॲडजस्ट करून घे म्हणून."

साहेबांनी टेबलावरचा फोन आपल्या बाजूला ओढला आणि विभागीय कार्यालयाला लावला. उभ्या उभ्याच त्यांनी एक माणूस मागितला. पलीकडचा आवाज चांगलाच खणखणीत होता, तिघांनाही ऐकू आला.

"जगदाळे, माणूसबिणूस काही नाही. ॲडजस्ट करून घ्या."

साहेबांनी तनुजाकडं पाहिलं. घाईत उठून आल्यामुळं तिच्या हातात शिक्का तसाच होता.

"नाही सर, होणार नाही," साहेब म्हणाले. "माणूस येईपर्यंत करुणाताईंचं टेबल बंद राहील. लोक विचारतील, त्यांना तुमचा नंबर देतो."

तेव्हा कुठं करुणाताई खुर्चीवरून उठल्या.