सहभोजनाचा मुहूर्त

पंगत बसली होती. बत्तीस पानांत भाकर आणि उडदाची डाळ, प्रोफेसर देवस्थळींच्या पानात दोन केळी.

"आज एकादशी," ते शेजारी बसलेल्या पाहुण्यांना म्हणाले. "नाहीतर मुलांबरोबर जेवण्यासारखं सुख नाही."

इतिहास शिकवता शिकवता देवस्थळींनी सामाजिक न्यायावर चारशे पानं लिहिली होती. नंदुरबारला भिल्ल मुलांचं वसतिगृहही तेच चालवत. वर्षातून दोनदा सहभोजन घालत आणि तारीख स्वतः पंचांग बघून काढत. तीन वर्षांत सहा सहभोजनं झाली, सहाही नेमकी एकादशीला. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. आता ग्रंथाला या पुण्याच्या पाहुण्यांची प्रस्तावना तेवढी हवी होती, आणि पाहुणे सांगूनच आले होते: आधी तुम्हाला मुलांच्या पंगतीत जेवताना बघेन, मग लिहीन.

एकाही मुलाने घास मोडला नाही.

"जेवा रे," देवस्थळी म्हणाले.

मॅट्रिकच्या वर्गातला दलसिंग उठून उभा राहिला. "सर, पंगतीत भेद नको, हे तुम्हीच शिकवलं. तुम्ही उपाशी तर आम्हीही उपाशी. उद्या बारस. सगळे मिळून उपास सोडू."

पाहुण्यांचे डोळे भरून आले. "मग मीही उद्यापर्यंत थांबतो," ते म्हणाले. देवस्थळींनी सोललेलं केळं पानात परत ठेवलं.

सकाळी पुन्हा पंगत बसली. बारशीला उपास सोडावाच लागतो, हे देवस्थळींना सांगायला नको होतं. स्वयंपाकीण रूपलीबाईने तव्यावरची भाकर आधी त्यांच्याच पानात टाकली. "खा साहेब. पोऱ्हे कालपासून उपाशी शेतस."

पाहुणे कागद मांडीवर घेऊन, पेन उघडून बसले होते. देवस्थळींनी भाकरीकडे पाहिलं, मग रूपलीबाईच्या हातांकडे. त्यांना साऱ्या जगाचा राग आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, देवस्थळींना पंचांगाचा सापडला. कधी कधी एकादशी लागोपाठ दोन दिवस येते.

"कालची स्मार्तांची होती," पान हळूच पुढे सरकवत ते म्हणाले. "आज भागवत एकादशी. मी दोन्ही पाळतो."

पाहुण्यांनी पेनाला टोपण लावलं. मुलांनी एकेक करून हात मागे घेतले.

"चालेल, सर," दलसिंग अदबीने म्हणाला. "उपाशी राहायची आम्हाला सवय आहे. तिसऱ्या एकादशीचं नाव तेवढं आजच सांगून ठेवा."