अठरावी कबर

आष्टीजवळच्या गोऱ्या साहेबांच्या चर्चमागं, जुन्या दफनभूमीत अठरावी कबर सापडली. चर्चच्या वहीत सतराच होत्या, म्हणून ती सापडलीच नाही, असं ठरलं.

शेळ्या तशाच सोडून दगडाबाई धावत आली. “सायेब, त्यो माजा लेक हाय. सहा दिसांचा व्हता. मडमेच्या तान्ह्या लेकराशेजारी निजवला, सोबत व्हईल म्हनून.”

“मग नाव सांगा मावशी, वहीत चढवतो,” चर्चचा कारकून म्हणाला. “बिननावाची कबर सपाट करायचा हुकूम हाय.”

नाव ठेवलंच नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी होणार होतं. शेवटी तिनं कारकुनाकडूनच अर्ज लिहून घेतला अन् खाली अंगठा उठवला.



‘तरी सदर बाळास बारशापर्यंत सहा दिवसांची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.’