एकशे ऐंशी सेकंदांचा सूर

या, जरा सरकून जवळ बसा. एका सुराची गोष्ट सांगायची आहे. इवलीशी आहे, पण कान इकडेच असू द्या.

शाळेच्या सभागृहात चाळीस मुलं तीन रांगांत उभी होती. समोर टेबलाशी बेकरीवाले काका बसले होते, मुठीत स्टॉपवॉच. याच घड्याळावर ते भट्टीतला पाव बाहेर काढायचे. टेबलाला त्यांनीच लिहून आणलेला पुठ्ठा टेकवलेला होता: 'मुलांनी एक सूर धरावा. सूर तुटेपर्यंत जितके सेकंद होतील, तितक्या दिवसांचं औषध माझ्याकडून.'

औषध क्षयाचं होतं. समुद्रापलीकडच्या देशातल्या एका छोट्या दवाखान्यासाठी सगळी शाळा वर्षभर राबली होती. मुलांनी रद्दी विकली, आयांनी जुने कपडे दुरुस्त करून विकले, शिपाईमामांनीसुद्धा आपली सायकल विकायला काढली. पाच रुग्णांची औषधं रवाना झाली. सहावी होती एक शिंपीण, दोन लेकरांची आई. तिच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, "पूर्ण एकशे ऐंशी दिवसांचं औषध हातात असेल तरच सुरू करते. मध्येच सुटलं तर आजार हट्टाला पेटतो."

माणसाचा दम तीस-चाळीस सेकंद टिकला तर पुष्कळ, असा काकांचा हिशेब. "चाळीस दिवस आपले," असं ते घरून निघताना बायकोला म्हणाले होते. "उरलेलं देईल कुणीतरी."

गाण्याच्या बाईंनी हात वर केला. चाळीस गळ्यांतून एकच 'आ' निघाला, आणि काकांनी बटण दाबलं.

तीस झाले. चाळीस झाले. सूर होता तिथेच, समईच्या ज्योतीसारखा. पन्नासाव्या सेकंदाला काका खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो बाई, ती दुसऱ्या रांगेतली श्वास घेतेय! मी बघितलं!"

"घेणारच. श्वास न घेता कसं चालेल?" बाई मुलांवरची नजर न काढता हळूच म्हणाल्या. "एकजण थांबला की शेजारच्यानं धरून ठेवायचं. सगळ्या कोरसात असंच गातात, काका. सूर तुटला का, तेवढं सांगा."

काकांनी कान दिला. मग स्वतःच्याच पुठ्ठ्याकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. ते गपकन खाली बसले.

शंभर झाले. एकशे वीस. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. काकांचा चेहरा भट्टीसमोर असल्यासारखा लाल झाला होता, आणि पहिल्या बाकावरून त्यांच्या बायकोला ते पाहवेना.

"अहो, घड्याळाकडे असे काय बघताय?" ती म्हणाली. "पाव करपतोय का?"

ती हळू म्हणाली होती, पण सूर एवढा शांत होता की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. एकजण फिसकन हसला. त्याच्या शेजारची हसली. मग हसू रांगांमधून असं धावलं की बाईंच्या डोळे वटारण्यालाही कुणी जुमानेना. एकेक आवाज गळत गेला. एकशे पन्नासाच्या पुढे उरली एकटी टाचणी. काडीसारखी पोरगी म्हणून तिचं नाव टाचणी. गळ्याच्या शिरा ताणून तिनं सूर धरला होता. एकशे पंचावन्न. एकशे साठ. तिचा आवाज थरथरला. शेजारी कुणी नव्हतं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

आणि टेबलाकडून एक जाडाभरडा, बेसूर, पण लांबलचक 'आ' आला.

काका गात होते. डोळे गच्च मिटलेले, मान वर, अंगठा घड्याळावर तसाच. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते कळलं होतं की नाही, देव जाणे. टाचणीनं तेवढ्यात श्वास घेतला आणि पुन्हा सूर धरला. मग पहिली रांग आली, दुसरी आली, आणि चाळीस गळे त्या एका घोगऱ्या आवाजाला सांभाळून घेत उभे राहिले.

बायकोनं उठून त्यांच्या मुठीतलं घड्याळ काढून घेतलं. "अहो, पुरे आता! एकशे ऐंशी केव्हाच झाले. वर सतरा झाले."

काकांनी डोळे उघडले. खोकले, धापा टाकत खुर्चीत बसले. "मग ते सतरा..." त्यांनी दम घेतला. "ते सतरा पुढच्या माणसाला."

"लग्नाला तेवीस वर्षं झाली," बायको मोठ्या बाईंना म्हणाली, "आज पहिल्यांदा गायले." आणि डोळे पुसायला लागली.

मोठ्या बाईंनी काकांपुढे हात जोडले. काका संकोचून गेले. "मला कसले हात जोडता? त्या पोरीला जोडा. आणि हो, श्वास मध्येच कधी घ्यायचा, ते मलाही शिकवून ठेवा. जीव जायची वेळ आली होती."

दुपारची शाळा भरायच्या आत दवाखान्याला निरोप गेला: औषध सुरू करा.

आज रात्री देवाचं नाव घ्याल ना, तेव्हा मोठ्या गवयांच्या पाठोपाठ या माणसाचीही आठवण काढा. गळ्यात सूर नव्हता त्याच्या. पण ज्या घटकेला सूर लागला पाहिजे होता, त्या घटकेला त्यानं तोंड उघडलं.