तेलाची बोटं

बस रे बाबा जरा, चहा संपेपर्यंत एक गोष्ट ऐक. आमच्या हिच्या छातीतली गाठ कापून काढली, आणि मग रेडिएशन घ्यायचं ठरलं. मशीनवाला म्हणाला, "मावशी, हात डोक्यावर जाऊन तिथंच राहिला पाहिजे, नाहीतर मशीन चालवता येणार नाही." हिचा हात तर खांद्याच्या वर जाईना. मग रोज हाताला तेल चोळायची आणि या दाराच्या डाव्या बाजूला, भिंतीवर बोटं चालवत चालवत वर न्यायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण थांबायची नाही.

मी म्हणायचो, "अगं, भिंतीची पार वाट लावलीस!"

"भिंत तुमची, हात माझा. गप बसा."

शेवटी बोटं चौकटीच्या वर पोचली. रेडिएशन पार पडलं. काखेतली कातडी करपून काळी झाली, जेवता जेवता ताटावरच डुलकी लागायची, पण हात काही तिनं खाली येऊ दिला नाही.

पुढं दुखणं हाडांत उतरलं. तरी ही उठायची आणि "परत चढवते बघा" म्हणत दाराच्या उजव्या बाजूला बोटं टेकवायची. रोज आदल्या दिवसापेक्षा खालीच राहायची. शेवटचे ठसे ते बघ, खाटेच्या उंचीवर.

आता पोरगी म्हणते, बाबा, घराला रंग द्या. तर उघड तुझा डबा. उजव्या बाजूला एक हात जास्तच मार, काही दिसायला नको. डावी बाजू तेवढी सोड.